भक्तपूरहून आणलेलं मंडल आणि नेपाळी चित्रकलेबद्दलचे काही प्रश्न

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी,
मे महिन्यात आम्ही तिघं नेपाळला जाऊन आलो, मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. पशुपतिनाथ, पोखरा वगैरे सगळ्यांचं होतं तसं झालं, पण मी खरी अडकले ती भक्तपूरमध्ये. तिथं दत्तात्रयाचं मोठं लाकडी देऊळ आहे, दत्तमंदिर म्हणून मुद्दाम गेलो, आणि शेजारच्या पुजारी मठाची ती मोराची खिडकी बघून बाहेर आलो तर गल्लीतल्या एका दुकानात विशीतला एक मुलगा जमिनीवर मांडी घालून चित्र काढत बसलेला. ब्रशला चार केस असतील नसतील. ढगाची एक वेलांटी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, प्रत्येक थोडी फिकट. वीस मिनिटांत करंगळीच्या नखाएवढा भाग झाला असेल. लेकीने विचारलं, दादा चुकलं तर? तो हिंदीत म्हणाला, वाळू द्यायचं आणि वरून परत रंगवायचं, घाई केली की फाटतं.

त्याच दुकानातून साडेचार हजार नेपाळी रुपयांना एक छोटं मंडल, म्हणजे वर्तुळात आखलेलं धार्मिक चित्र, घेतलं. दुकानदार सांगत होता की तीन दर्जे असतात, विद्यार्थ्याचं, मास्टरचं आणि लामाचं, आणि हे मास्टरचं. खरंखोटं मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी काठमांडूत बबरमहलच्या आवारात एक गॅलरी बघितली तर तिथं सगळंच वेगळं, देव नाहीत, मंडल नाही, शहर, पासपोर्ट, विमानतळ, माणसं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ही दोन्ही चित्रं एकाच गावची आहेत हे खरंच वाटेना. म्हणून विचारते:

मी आणलंय त्याला थांका म्हणायचं की काही दुसरं? ही जुनी चित्रं म्हणजे शेकडो वर्षं तेच तेच गिरवणं आहे का? आणि तिथली आधुनिक चित्रकला मग आली कुठून? कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा. आणि हो, मंडल काचेच्या फ्रेममध्ये लावावं का?

---

घाटवाट

छान धागा. मला काहीच माहिती नाही पण वाचतोय. दत्तमंदिर भक्तपूरला आहे हे आज कळलं!

---

पाटणवाली

मृण्मयी, मी नोकरीनिमित्त चार वर्षं पाटणमध्ये राहिले, म्हणजे ललितपूर, बागमतीच्या पलीकडचं. त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, जरा लांब लिहिते.

थांका हे तिबेटी नाव. काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक नेवार, आणि त्यांच्या कापडावरच्या देवचित्राला म्हणतात पौभा. पट आणि भट्टारक या दोन शब्दांवरून हे नाव आलं असं तिथले लोक सांगतात. दुकानांत सगळ्यालाच थांका म्हणतात कारण गिऱ्हाइकाला तोच शब्द माहीत असतो. जुनं पौभा ओळखायची सोपी खूण म्हणजे मधला देव मोठा, बाकीचे छोट्या छोट्या चौकटींत, मागे गडद लाल जमीन आणि त्या लालमध्ये भरगच्च वेलबुट्टी. तिबेटी थांक्यात मागे डोंगर, ढग, पाणी, हिरवळ, हा चीनकडून आलेला भाग, आणि कडेला जरीकापडाची किनार शिवलेली असते. तुमच्याकडे ढग आहेत म्हणजे ते तिबेटी वळणाचं. १९५९ नंतर तिबेटमधून बरेच लोक नेपाळला आले, मग पर्यटक वाढले, मागणी वाढली, आणि आज बाजारातले थांके रंगवणाऱ्यांत तमांग समाजातली मुलं खूप आहेत. तुम्ही बघितलेला मुलगाही बहुधा तमांग असेल.

मी एका पौभा चित्रकाराच्या घरी बऱ्याचदा जाऊन बसायचे. सुती कापड लाकडी चौकटीला दोरीने शिवून ताणायचं, ढोलकीच्या पुडीसारखं. म्हशीच्या कातड्याचा सरस आणि पांढरी माती कालवून दोन्ही बाजूंनी लेप द्यायचा, वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचं, परत लेप, परत घोटणं. बोटाने चाचपलं की कापड आहे हे कळतच नाही, अंड्याच्या कवचासारखं लागतं. मग रेखाटन, मग रंग. अस्सल कामात रंग दगडाचे, हिंगूळ, हरताळ, निळ्यासाठी लाजवर्द, हिरव्यासाठी मॅलाकाइट, आणि सोनं. डोळे सगळ्यात शेवटी. त्या दिवशी ते सकाळी अंघोळ करून बसले, घरातल्या कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. मी बाहेर ओट्यावर होते. दीड तासाने दार उघडलं, मी बघितलं तर तेच चित्र, पण आता ते माझ्याकडे बघत होतं. याहून नीट मला सांगता येत नाही.

---

कोकणकन्या

अवांतर: हरताळ म्हणजे आपण 'हरताळ फासणे' म्हणतो तोच का??

---

बापूकाका

होय, तोच. पिवळं खनिज. पोथीत अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळ फासत आणि वाळल्यावर वरून दुरुस्त अक्षर लिहीत. नेपाळात तर अख्खा कागद हरताळाने पिवळा करून त्यावर पोथ्या लिहिलेल्या सापडतात, किडे लागत नाहीत म्हणून. विषारी असतं ते, आर्सेनिक आहे त्यात.

---

कोकणकन्या

धन्यवाद काका! इतकी वर्षं वापरतेय हा वाक्प्रचार, आज रंग दिसला.

---

तर्कट

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. पाटणवालींचं वर्णन सुंदर आहे, पण मेहनत आणि कला यात फरक करायला हवा. देवाचे हात किती, चेहरा किती अंगुळं, कुठल्या हातात काय, रंग कुठला, हे सगळं ग्रंथात आधीच लिहिलेलं. चित्रकाराने ठरवायचं काय उरलं मग? उत्तम कारागिरी आहे, मान्य. पण याला 'विकास' म्हणायचं तर निदान काहीतरी बदलायला हवं ना. १३व्या शतकातलं आणि आजचं शेजारी ठेवलं तर फरक फक्त कापडाच्या वयाचा. खरा बदल झाला तो चित्रकार देवघरातून बाहेर पडला तेव्हा.

---

पाटणवाली

@तर्कट, रागाचा प्रश्नच नाही, पण शेजारी ठेवून बघितलंत का खरंच? पौभाच्या तळाशी एक अरुंद पट्टी असते, बहुतेक लोक तिथपर्यंत नजर नेतच नाहीत. त्या पट्टीत चित्र करवून घेणारं कुटुंब असतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे पूजा सांगणारा पुजारी, गुडघ्यावर बसलेली मुलंबाळं, आणि खाली नावं आणि नेपाळ संवतातली, म्हणजे तिथल्या जुन्या कालगणनेतली, तारीख. वरचा देव शास्त्राप्रमाणे, पण खालची माणसं ज्या त्या काळातली. कपडे बदलतात, पगड्या बदलतात, दागिने बदलतात. खोऱ्यावर राज्य करणाऱ्या मल्ल राजांच्या शेवटच्या काळात तर राजस्थानी चित्रांचं वळण सरळ दिसायला लागतं, जामे, कमरपट्टे, बाजूने दिसणारे चेहरे, आणि लांबच लांब गुंडाळीवर गोष्ट सांगणारी चित्रंही येतात. म्हणजे बदल होता, पण तो तळातून वर चढत होता.

---

बापूकाका

तर्कटराव, आणखी एक गोष्ट. आज उरलेल्या नेपाळी चित्रांची सुरुवात कापडावर नाही, ताडपत्रावर आहे. केंब्रिजला १०१५ सालची प्रज्ञापारमिता या बौद्ध ग्रंथाची पोथी आहे, दोन बोटं रुंदीच्या ताडपत्रावर अख्खी देवळं आणि मूर्ती काढलेल्या. ताडपत्रावरून कापड, कापडावरून भिंत, कागद, हाही प्रवासच.

आणि शिल्प घेतलंत तर त्याहून मागे जाता येतं. काठमांडूतल्या मालीगावला सापडलेला जयवर्मा राजाचा पुतळा, त्यावर संवत १०७ कोरलंय, म्हणजे इ.स. १८५ धरतात. मग मानदेव राजाचा ४६७ सालचा त्रिविक्रम, आईच्या पुण्यासाठी करवलेला. तीन पावलांत जग व्यापणारा तो विष्णू, पाय असा आडवा ताणलाय की दगडातून बाहेर येईल. ही लिच्छवी राजांच्या काळातली कामं गुप्तकाळाशी नातं सांगतात पण चेहरे तिथलेच.

आणि मग अरनिको, नेपाळचा कलाकार. जन्म १२४५. तिबेटमध्ये सोन्याचा स्तूप बांधायला नेपाळहून कारागीर मागवले, ऐंशी जण गेले १२६० साली, आणि त्या तुकडीचा म्होरक्या हा, वय जेमतेम पंधरा. तिथून चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल सम्राट कुबलाईखानाच्या दरबारात पोहोचला. बीजिंगमध्ये म्याओयिंग देवळातला जो पांढरा स्तूप आहे, १२७९ साली पूर्ण झालेला, तो त्याने उभारला. क्लीव्हलँडच्या संग्रहालयातलं हिरव्या तारेचं, म्हणजे बौद्ध देवीचं, चित्र त्याच्या हातचं असावं असं काही जाणकार मानतात. म्हणजे 'चीनकडून आलेला भाग' असं पाटणवालीताई म्हणतात ते खरं, पण त्याआधी नेपाळकडून चीनकडे गेलेलाही भाग आहे. काठमांडूहून तिबेटच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्याचंच नाव आहे.

---

घाटवाट

पंधराव्या वर्षी ऐंशी माणसांचा मुकादम! माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, त्याला आज हे वाचून दाखवणार.

---

रेवती_बॉस्टन

मला यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. आपण सगळे सोनं, लाजवर्द, राजे असं बोलतोय. पण चित्रकार या नेवार जातीचं रोजचं काम वेगळंच होतं. नागपंचमीला दारावर चिकटवायचं नागाचं चित्र, लग्नाची मडकी रंगवणं, आणि भक्तपूरच्या नवदुर्गा नाचाचे मुखवटे. आपल्याकडे श्रावणात जिवतीचा कागद लावतात ना, तसंच ते नागाचं चित्र. आता छापील मिळतं, पण कित्येक घरांत अजून हाताने काढलेलंच लावतात.

आणि नवदुर्गेचे मुखवटे दरवर्षी नवे करतात. दसऱ्याच्या आधी चित्रकार घराण्यात घडवायचे, मग ते घालून महिनोन् महिने गावोगाव नाच, आणि पावसाळ्याआधी त्यांचं दहन. जाळून टाकतात. दरवर्षी. भैरवाचा, महाकालीचा, वाराहीचा चेहरा पुन्हा पहिल्यापासून. संग्रहालयात जायचं म्हणून कुणी ते करत नाही. तर्कट, तुम्हाला हे मृण्मयींच्या शब्दात 'गिरवणं' वाटतं, पण जो दरवर्षी जळणारच आहे तो चेहरा इतक्या प्रेमाने रंगवणं याला मी गिरवणं म्हणू शकत नाही.

---

तर्कट

मुखवट्यांचं माहीत नव्हतं. हे वाचून थांबलो जरा. तळाच्या पट्टीबद्दलही शोधून बघितलं, फोटो मोठे करून. पाटणवाली, तुमचं बरोबर आहे, मी वरचाच भाग बघत होतो.

पण दुसरा प्रश्न अजून तसाच आहे, आधुनिक आली कुठून.

---

बापूकाका

ते मी सांगतो, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. तिचीही सुरुवात चित्रकार घराण्यातच. ब्रायन हॉजसन नावाचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, १८४३ पर्यंत काठमांडूत होता, त्याला पक्षीप्राण्यांचं वेड. त्याच्याकडे राजमानसिंह चित्रकार कामाला होता. ज्या घराण्यात देव रंगवायचे त्यातला माणूस आता समोर पक्षी ठेवून पीस न् पीस मोजून काढायला लागला, देवळांची चित्रं सावलीसकट, दूरचं लहान जवळचं मोठं अशी. ती चित्रं आज लंडनला आहेत. पुढे नेपाळची सत्ता हातात असलेला पंतप्रधान जंगबहादूर राणा १८५० साली विलायतेला गेला तेव्हा भाजुमान चित्रकार बरोबर होता. परत आल्यावर राणा घराण्याच्या महालांत तैलचित्रं, झुंबरं, शिकारीचे देखावे, मिशाळ पोर्ट्रेटं. मग फोटोग्राफी आली तीही चित्रकारांच्याच घरात.

विसाव्या शतकात चंद्रमानसिंह मास्के आणि तेजबहादूर चित्रकार हे दोघे कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये शिकून आले. मास्क्यांना १९४० साली राणाशाहीविरोधी चळवळीत तुरुंगात टाकलं, तिथंही ते चित्र काढत राहिले. त्याच वेळी तिकडे पौभात आनन्दमुनि शाक्य होते, त्यांच्या देवांच्या अंगाला छायाप्रकाश आला, गोलाई आली. म्हणजे दोन्हीकडे एकमेकांचं पाणी झिरपत होतं.

---

जेजेचा_जुना

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. आपल्या मुंबईच्या जेजेचा, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा, यात मोठा वाटा आहे हे कुणीच लिहिलं नाही!

साठच्या दशकात नेपाळात चित्रकलेचं पदवीपर्यंतचं शिक्षण मिळणं अवघड होतं, त्यामुळे मुलं कलकत्ता, लखनौ, बडोदा आणि मुंबईला यायची. रामानन्द जोशी जेजेत शिकले, परत जाऊन त्यांनी काठमांडूत पार्क गॅलरी काढली. त्यांच्यामागून चौघे, शशी शाह, कृष्ण मानन्धर, इन्द्र प्रधान आणि बत्सगोपाल वैद्य. हे चौघेही जेजेचे. १९७१ साली त्यांनी काठमांडूत एक ग्रुप काढला, नाव स्किब-७१, चौघांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढे साल. एकत्र प्रदर्शनं, एकत्र भांडणं आणि अनेक वर्षांची मैत्री. शशी शाहांचे घोडे बघा कधी, उधळलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडानंतर त्यांनी त्यावर मालिका केली. वैद्यांच्या चित्रांत मात्र गणपती, कलश, शुभचिन्हं, जी त्यांनी लहानपणापासून घराच्या दारावर बघितली असणार तीच, पण सपाट, मोकळी, आधुनिक रंगांत.

मी त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी जेजेला होतो. त्याच लांबलचक व्हरांड्यात, त्याच उंच खिडक्यांच्या स्टुडिओत उत्तरेचा उजेड पडायचा. आम्हाला कुणी हे सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. आपण पॅरिसचं सगळं पाठ केलं आणि आपल्याच बाकावर बसून गेलेल्या माणसांनी शेजारच्या देशात काय उभं केलं ते कळलं नाही.

---

घाटवाट

वा! म्हणजे नेपाळच्या आधुनिक चित्रकलेच्या अंगात थोडा सीएसटीचा कटिंग चहाही आहे.

---

कोकणकन्या

+१ जेजेचा_जुना, अजून लिहा ना.

---

बापूकाका

जेजेकर, फार मोलाची भर घातलीत, हे मला ठाऊक नव्हतं. एक नाव मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, ते आता घेतो. लैनसिंह बाङ्देल. दार्जिलिंगचा जन्म, १९१९. कलकत्त्यात शिकले, तिथंच जाहिरात कंपनीत नोकरी, आणि त्याच ऑफिसात सत्यजित राय. नेपाळी भाषेत कादंबऱ्या लिहिल्या. १९५२ ला पॅरिसला गेले, मग लंडन. १९६१ ला नेपाळला आले, आणि दुसऱ्याच वर्षी काठमांडूत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. देव, देखावा किंवा राणा यापलीकडे चित्र असतं हेच ज्यांनी कधी बघितलं नव्हतं त्यांच्यासमोर अमूर्त रंगांचे पट्टे! पुढे ते तिथल्या अकादमीचे प्रमुख झाले.

पण माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम चित्राचं नाही. खोऱ्यात फिरून फिरून त्यांनी मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. सत्तर ऐंशीच्या दशकात देवळांतून मूर्ती चोरीला जायला लागल्या, रातोरात, पहारीने उपटून. १९८९ साली त्यांनी त्या हरवलेल्या मूर्तींच्या फोटोंचं पुस्तक काढलं. मूर्ती जागेवर असतानाचा फोटो हाच पुरावा. त्या फोटोंच्या आधारावर परदेशातून मूर्ती परत आल्या आहेत. पॅरिसला जाऊन अमूर्त शिकलेला चित्रकार शेवटी दगडाच्या देवांचा साक्षीदार झाला.

---

पाटणवाली

काका, तुम्ही हे काढलंत तर मला लिहायलाच हवं.

पाटणमध्ये पाट्को टोल म्हणून वस्ती आहे, तिथल्या छोट्या देवळात लक्ष्मीनारायणाची मूर्ती होती. अर्धं अंग विष्णूचं, अर्धं लक्ष्मीचं, आपल्या अर्धनारीश्वरासारखं. १९८४ साली चोरीला गेली. १९९० मध्ये न्यूयॉर्कला लिलावात विकली गेली आणि पुढे अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात जाऊन बसली. मी तिथं होते तेव्हा देवळात नवी घडवलेली प्रतिकृती होती. सकाळी ऑफिसला जाताना रोज बघायचे, एक म्हातारी आजी यायच्या, तांब्यातलं पाणी, अक्षता, शेंदूर, एक झेंडू. एकदा मी मोडक्या नेपाळीत विचारलं की खरी मूर्ती गेली ना? त्या म्हणाल्या, गेली, पण देवाला रोज उठवायला नको का. आणि आपलं पुसायचं काम करत राहिल्या.

२०२१ साली मूर्ती परत आली. संग्रहालयात न ठेवता त्याच देवळात, त्याच वस्तीत, बाजागाजासह बसवली. मी तेव्हा पुण्यात होते, फोनवर व्हिडिओ बघत रडले. आजी होत्या का नव्हत्या माहीत नाही. गर्दीत मी त्यांना शोधत होते.

म्हणून कृपा करून कुणीही नेपाळला गेलात तर 'जुनी आहे, देवळातली आहे' म्हणून कुणी दाखवलं तर हात लावू नका. तिथं १९५६ चा कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. नवीन मूर्ती किंवा थांका घेतला तरी जुना दिसत असेल तर पुरातत्त्व विभागाचा दाखला मागून घ्या, दुकानदार करून देतात.

---

कोकणकन्या

देवाला रोज उठवायला नको का... पाटणवालीताई, काटा आला.

---

रेवती_बॉस्टन

खूप छान लिहिलंत. मी थोडी खोऱ्याबाहेर घेऊन जाते. तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यात, जनकपूरला मैथिल बायका मातीच्या भिंतींवर चित्रं काढतात, दिवाळीला, लग्नात. १९८९ साली तिथं महिलांचं एक केंद्र सुरू झालं आणि ती चित्रं भिंतीवरून लोकता कागदावर आली. लोकता म्हणजे डोंगरातल्या झुडपाच्या सालीचा हातकागद, जाडसर, रेषा असलेला. घरातून बाहेर न पडणाऱ्या बायका तिथं बसून चित्रं काढून पैसे कमवायला लागल्या. हत्ती, मोर, मासे, आणि हळूहळू हातपंप, विमान, मतदानाची रांग. जे बदललं जगण्यात ते आलं चित्रात. यांची नावं आधुनिक कलेच्या पुस्तकांत फार कमी येतात, पण तर्कट, तुमच्या 'बदल हवा' या कसोटीला माझ्या मते सगळ्यात आधी याच उतरतात.

---

तर्कट

पटलं. खरंच पटलं. आता मला सांगा, मृण्मयींनी गॅलरीत बघितलेलं ते पासपोर्ट वगैरे कोण काढतं?

---

जेजेचा_जुना

ती नक्की कुणाची होती सांगता येणार नाही, पण त्या विषयावर सगळ्यात ठळक नाव हितमान गुरुङ. आखातात, मलेशियात कामाला गेलेली नेपाळी मुलं आणि काठमांडू विमानतळावर परत उतरणाऱ्या त्यांच्या शवपेट्या, यावर तो सातत्याने काम करतोय. माणसांचे चेहरे झाकलेले, पासपोर्टची पानं, पेट्या.

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे, बर्दियाचे. मोठा मुलगा कतारला. मी त्यांना मोबाइलवर ती चित्रं दाखवली. बराच वेळ बोटाने मोठं करून बघत होते. मग म्हणाले, साहेब, हा पेटीवरचा कागद असाच असतो, नंबर असाच लिहितात. बाकी काही बोलले नाहीत. मी इतकी वर्षं प्रदर्शनं बघतोय, चित्राची एवढी सरळ पोच मी कधी ऐकली नव्हती.

आणि मृण्मयी, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला एका माणसात दिसतं. छिरिङ शेर्पा. वडलांकडे रीतसर थांका शिकला, मग अमेरिकेत गेला. त्याच्या चित्रांत तेच देव, तीच ज्वाळांची वळणं, तीच घोटलेली रेषा, पण देव वितळलेले, पिळवटलेले, घर सुटलेले. २०२२ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, नेपाळचं पहिलंवहिलं दालन लागलं ते त्याच्याच कामाचं, आणि त्याच्या क्युरेटर जोडीत हितमान गुरुङ होता, शिलाशा राजभंडारीबरोबर. म्हणजे तुम्हाला एकाच गावची वाटली नाहीत ती दोन चित्रं तिथं एका छपराखाली होती. इकडे पाटणला लोक चित्रकार या नावाचे कलाकार अजूनही दगडाच्या रंगात पौभाच करतात, एकेका चित्राला वर्षं लागतात, आणि त्यांना मी तेवढाच आजचा चित्रकार मानतो.

---

बापूकाका

जेजेकर, वॉचमनदादांना नमस्कार सांगा.

---

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस ऑफिसातून आल्यावर हेच वाचतेय आणि नवऱ्यालाही वाचून दाखवतेय.

काल भिंग घेऊन मंडल नीट बघितलं. वर्तुळाच्या मधोमध कंपासचं टोक टेकल्याचं बारीक भोक आहे, आणि कडेला एका ठिकाणी पेन्सिलची रेघ रंगाबाहेर राहिलीय. छापील नाही एवढं नक्की. रंग पोस्टर कलर असावेत, दगडाचे नक्की नाहीत, मास्टरचं आहे की विद्यार्थ्याचं कोण जाणे. पण एका कोपऱ्यात ढगाची वेलांटी आहे तिथं फिकट रंगाखाली आधीची थोडी वेगळी वेलांटी दिसते. वाळू देऊन वरून परत रंगवलेली. तो मुलगा म्हणाला होता तसंच. लेक तर तेवढंच परत परत बघत होती.

फ्रेमचं कुणी सांगा ना पण.

---

पाटणवाली

हो हो, ते राहिलंच! काच चालेल पण चित्राला चिकटू देऊ नका, मधे माउंटचा पुठ्ठा घालून फट ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला आतून दमट धरलं तर रंग काचेला लागतो. मागे गोंद, टेप काही नको. उन्हाची भिंत टाळा, बाथरूमच्या भिंतीला लागून तर अजिबात नको. फ्रेमवाला ताणून खिळे मारायला निघेल, मारू देऊ नका. आणि फ्रेम होईपर्यंत गुंडाळून ठेवलंत तर रंग बाहेरच्या बाजूला येईल असं गुंडाळा, घडी कधीच घालू नका.

---

मृण्मयी_क

थँक्यू ताई, फट ठेवूनच करून घेतलं. आज लावलं.

एक सांगायचं राहिलं. लेकीला मी ती तळाच्या पट्टीची गोष्ट सांगितली होती, तर ती फ्रेमसमोर उभी राहून म्हणाली, मग यात आपण कुठे आहोत? आणि दुपारभर बसून तिने कागदाची एक पट्टी रंगवली. एका बाजूला बाबा, एका बाजूला मी आणि ती, आणि मधे पुजाऱ्याच्या जागी तो चित्र काढणारा दादा, हातात ब्रश. फ्रेमच्या खाली भिंतीला लावलीय.

---

कोकणकन्या

फोटो टाका, फोटो!!

---

तर्कट

नावं आणि तारीख घातली का खाली? ते हवंच.

---

मृण्मयी_क

नावं घातली. दादाचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं, म्हणून तिथं तिने 'भक्तपूरचा दादा' लिहिलंय. तारीख राहिलीय, आत्ता घालायला सांगते.